परगावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे इंटरनेट : दर, भार आणि लिपी

१. विषयाची मांडणी

भिवंडी हे नगर यंत्रमागांसाठी आणि अलीकडे मुंबई–नाशिक महामार्गालगतच्या विस्तीर्ण गोदामांसाठी ओळखले जाते; विद्यार्थ्यांचे नगर म्हणून त्याचा उल्लेख क्वचितच होतो. वस्तुतः बी. एन. एन. महाविद्यालय, जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय यांसारख्या संस्थांमुळे येथे उच्च शिक्षणाची सोय कित्येक वर्षांपासून आहे, आणि वाडा, शहापूर, मुरबाड, जव्हार या बाजूंच्या मुलामुलींना मुंबईपेक्षा भिवंडी, कल्याण व ठाणे हीच जवळची विद्याकेंद्रे वाटतात. त्यांपैकी जे रोज जाऊन येऊन करू शकत नाहीत ते वसतिगृहात, नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. पूर्व उत्तर प्रदेशातून आणि तेलंगणातून मागाच्या धंद्यामुळे येथे आलेल्या कुटुंबांतील तरुणांचीही त्यांत भर पडते. परिणामी मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू या चार भाषांतून वाचणारा विद्यार्थीवर्ग एकाच गल्लीत आढळतो.

परगावी राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या खर्चात जेवण, निवास, प्रवास आणि पुस्तके यांच्या जोडीला आता इंटरनेट आले आहे. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, निकाल आणि पुष्कळसे वाचनसाहित्य त्यावाचून मिळत नाही. म्हणून ‘स्वस्त इंटरनेट कोठे मिळेल?’ हा प्रश्न विद्यार्थी विचारतो तो सहज नव्हे. मात्र हा प्रश्न बहुधा एकाच अंगाने विचारला जातो. खर्च दोन राशींच्या गुणाकाराने ठरतो. पहिली राशी दर : एका जीबी डेटाची किंमत. दुसरी राशी भार : एक ग्रंथ वाचण्यास किंवा एक व्याख्यान ऐकण्यास लागणारा डेटा. दराविषयी सर्वत्र चर्चा होते. भाराविषयी जवळजवळ होत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, भारतात दर पुष्कळ उतरल्यानंतर आता गरीब विद्यार्थ्याचा खर्च मुख्यतः भारावर अवलंबून आहे, आणि भारतीय भाषांतील साहित्याचा भार ज्या कारणांनी वाढतो त्यांतील बरीचशी कारणे विद्यापीठांच्या हाती आहेत.

२. दर : १९९५ पासून पुढे

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या वेळी विद्यार्थ्यांसाठी ‘शेल’ नावाचे स्वस्त खाते होते. त्यात चित्रे दिसत नसत. पडद्यावर केवळ मजकूर उमटे, आणि तो मजकूर रोमन लिपीत असे. अर्थात स्वस्त सेवा घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला मराठी वाचता येत नव्हते. दर आणि लिपी यांचा संबंध असा अगदी आरंभापासूनचा आहे.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना सेवा देण्याची मुभा मिळाली आणि तासावर पैसे घेणारी सायबर कॅफे गावोगावी निघाली. २०११ च्या नियमांनी त्यांवर ओळखपत्र पाहणे, नोंदवही किमान एक वर्ष जपून ठेवणे, कप्प्यांच्या आडभिंती साडेचार फुटांपेक्षा उंच न ठेवणे अशी बंधने घातली. पुढे भ्रमणध्वनीवरील डेटा सुलभ झाल्यावर या दुकानांचे स्वरूप पालटले. आज तेथे विद्यार्थी जातो तो वाचण्यासाठी नव्हे, तर अर्ज भरून घेण्यासाठी आणि छापील प्रत काढण्यासाठी.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि दरांची पडझड झाली. सरकारी आकडेवारीनुसार २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी २६९ रुपयांच्या आसपास पडत; २०२२ पर्यंत ही सरासरी दहा रुपयांच्या आसपास आली. या आकड्यांवरून प्रश्न सुटला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सरासरी दर आणि किमान खर्च या भिन्न गोष्टी होत. किराणा दुकानात पावशेर साखर मिळते. दूरसंचाराच्या दुकानात एक जीबी सुटा घेऊन महिनाभर पुरवता येईलच असे नाही, कारण तेथे डेटाबरोबर मुदतही विकत घ्यावी लागते.

जुलै २०२४ च्या दरवाढीत, उदाहरणार्थ, जिओची २८ दिवस रोज दीड जीबी देणारी योजना २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेली. मुदत २८ दिवसांची असल्यामुळे वर्षाला बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरावे लागतात. म्हणजे वार्षिक खर्च ३,१०७ रुपयांवरून ३,८८७ रुपयांवर गेला. जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, प्रत्येक कंपनीने किमान एक योजना ३० दिवसांची आणि एक योजना दर महिन्याच्या त्याच तारखेस नूतनीकरण होणारी ठेवावी असा आदेश दिला. तरीही २८ दिवसांचा महिना रूढच राहिला.

३,८८७ रुपये ही रक्कम नोकरदार कुटुंबास लहान वाटेल. तिची तुलना विद्यार्थ्याच्या हाती येणाऱ्या पैशाशी केली पाहिजे. महाराष्ट्र शासनाच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना रोख साहाय्य मिळते. २०१७ मध्ये योजना आली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या महानगरांसाठी ते वर्षाला ६०,००० रुपये ठरले : भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. या विभागणीत इंटरनेटचे स्वतंत्र शीर्ष नव्हते. ते निर्वाहातून भागवायचे म्हटले, तर वरील योजनेनुसार त्या भत्त्याचा जवळजवळ निम्मा भाग एका रिचार्जात जातो. साबण, कपडे, औषध आणि घरी जाण्याचे भाडे उरलेल्या निम्म्यात बसवावे लागते.

३. प्रवेशाच्या वाटा

परगावी राहणाऱ्यास इंटरनेट मिळण्याच्या वाटा सहा प्रकारच्या आहेत. प्रत्येकीचे गुणदोष थोडक्यात येणेप्रमाणे.

पहिली वाट स्वतःच्या भ्रमणध्वनीची. ती सर्वांत सोयीची, कारण घरच्या गावचे सिमकार्ड येथेही चालते, आणि जुलै २०१५ पासून क्रमांक न बदलता देशभर कोठेही कंपनी बदलता येते. तिचा दोष रोजच्या वाट्याचा. न वापरलेला दीड जीबी मध्यरात्री लयास जातो. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र तेवढा पुरत नाही.

दुसरी वाट खोलीतील स्थिर जोडणीची. ती बहुधा केबलचालकाकडून किंवा मोठ्या कंपनीकडून घेतली जाते. जाहिरातीतील रकमेत १८ टक्के वस्तू व सेवा कर धरलेला आहे की नाही हे प्रथम पाहावे. समजा महिना ५०० रुपये दर आहे. करासह तो ५९० रुपये होतो. खोलीत पाच जण असतील तर प्रत्येकी ११८ रुपये पडतात, म्हणजे वर सांगितलेल्या २९९ रुपयांच्या निम्म्याहूनही कमी. अडचण दराची नसून कागदांची व मुदतीची असते. पत्त्याचा पुरावा, मालकाची संमती, बसवण्याचा खर्च, अनामत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकाम्या खोलीचे भाडे यांचा हिशेब आधी केला तरच ही वाट स्वस्त ठरते.

या संदर्भात ‘भिशी’ हा शब्द लक्षणीय आहे. मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत : एक, वर्गणी गोळा करून आळीपाळीने उचलण्याचे चक्र; दुसरा, भागीत चालणारी खानावळ. भिवंडीच्या यंत्रमागवस्तीत एकट्या आलेल्या कामगाराला परवडणारे जेवण या दुसऱ्या प्रकारच्या भिशीनेच पुरवले. पाच जणांची एक जोडणी ही त्याच जुन्या व्यवहाराची नवी आवृत्ती होय. फरक इतकाच की, जोडणी ज्याच्या नावावर असते त्याच्यावर तिच्या सर्व वापराची जबाबदारी येते. म्हणून वर्गणीबरोबर परवलीचा शब्द कोणाला द्यावयाचा हेही ठरवून ठेवणे इष्ट.

तिसरी वाट महाविद्यालयाची व ग्रंथालयाची. ही विद्यार्थ्याला वेगळे पैसे न पडणारी वाट असून तिचा उपयोग सर्वांत कमी होतो, कारण ती दिवसाच्या ठरावीक तासांपुरती उघडी असते. चौथी वाट खासगी अभ्यासिकेची. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांमुळे महाराष्ट्रात गावोगावी निघालेल्या या अभ्यासिकांत मासिक शुल्कात खुर्ची, दिवा, पंखा आणि वायफाय एकत्र मिळते. ज्याच्या खोलीत दाटी आहे त्याने हे शुल्क केवळ इंटरनेटचे न समजता शांततेचेही समजावे.

पाचवी वाट रेल्वे स्थानकांची. रेलटेलने मार्च २०२१ मध्ये जाहीर केलेल्या योजनेत दिवसातील पहिली ३० मिनिटे विनामूल्य, आणि पुढे १० रुपयांत एका दिवसासाठी ५ जीबी असा आरंभीचा दर होता. भिवंडी रोड स्थानक दिवा–वसई मार्गावर असून त्या मार्गावर प्रवासी गाड्या मोजक्याच आहेत. तेथून रोज जाणारा विद्यार्थी थोडा. कल्याण किंवा ठाणे स्थानकातून ये-जा करणाऱ्यास मात्र जड धारिका उतरवून घेण्यासाठी ही वाट उपयोगी आहे.

सहावी वाट ‘पीएम-वाणी’ची. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मान्य केलेल्या या व्यवस्थेत चहावाला किंवा किराणा दुकानदार परवान्यावाचून आणि नोंदणीशुल्कावाचून ‘पब्लिक डेटा ऑफिस’ चालवू शकतो. नावात जुन्या पीसीओची आठवण आहे आणि कल्पनाही तीच : घरोघरी जोडणी नसली तरी कोपऱ्यावर असावी. दुकानदाराला मूळ जोडणी महाग पडत असल्याने ही व्यवस्था अपेक्षेइतकी पसरली नाही. म्हणून २०२५ मध्ये ट्रायने त्याच्याकडून घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारू नये अशी मर्यादा घातली.

या सर्व वाटांहून वेगळा एक प्रश्न वेळेच्या मोकळिकीचा. केरळात कोळिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी ६ ते १० या वेळात भ्रमणध्वनी वापरण्यास मनाई होती. ती न पाळणाऱ्या विद्यार्थिनीस वसतिगृह सोडावे लागले. ‘फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या अधिकाराचा भाग मानून तिला परत घेण्याचा आदेश दिला. वसतिगृहाचे नियम आखणाऱ्यांनी हा निर्णय ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

४. बोलीची साक्ष

विद्यार्थी इंटरनेटकडे कोणत्या दृष्टीने पाहतो हे त्याच्या बोलण्यातून कळते. परिभाषेत ‘आंतरजाल’, ‘महाजाल’ असे शब्द आहेत. बोलण्यात मात्र केवळ ‘नेट’. या नेटबरोबर येणारी क्रियापदे पाहावीत. ‘नेट संपले’, ‘नेट उरले’, ‘नेट पुरवून वापर’, ‘थोडे नेट दे’ : ही सर्व क्रियापदे रॉकेल, तेल, धान्य अशा मोजून भरलेल्या व खर्चून संपणाऱ्या पदार्थांची आहेत. उलट ज्याच्या घरी स्थिर जोडणी आहे तो ‘नेट गेले’, ‘नेट आले’ असे म्हणतो. ती क्रियापदे विजेची व पाण्याच्या नळाची. एकाच नामाची ही दोन क्रियापदकुले दोन आर्थिक परिस्थितींची द्योतक आहेत. परगावचा विद्यार्थी पहिल्या कुलातून दुसऱ्यात जातो तो खोलीत पाच जणांची जोडणी आल्यावर.

‘रिचार्ज मारणे’ हा प्रयोगही तसाच. हिंदीत, उर्दूत आणि मराठीत तो सारखाच रूढ आहे. भिवंडीसारख्या बहुभाषिक नगरात रिचार्ज, पॅक, बॅलन्स, रेंज, हॉटस्पॉट हे शब्द, मागधंद्यातील सायझिंग, बीम, कांडी या शब्दांप्रमाणेच, कोणा एका भाषेचे न राहता व्यवहाराचे झाले आहेत. ‘सायबर’ हे मूळचे विशेषणात्मक पूर्वपद तर स्वतंत्र नाम बनले : ‘सायबरवर जाऊन फॉर्म भरला’ असे कोणीही म्हणतो.

ज्या वस्तूविषयी ‘संपणे’ हे क्रियापद वापरले जाते ती माणूस काटकसरीने वापरतो. काटकसरीत प्रथम काय वगळले जाते हा शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न. घरच्यांशी बोलणे वगळले जात नाही. अर्ज व निकाल वगळता येत नाहीत. वगळले जाते ते ऐच्छिक वाचन : न पाहिलेला प्रबंध, दुसरा संदर्भग्रंथ, जुन्या नियतकालिकाचा अंक. संशोधनाची सवय ज्यातून लागते नेमके तेच.

५. लिपीचा भार

आता भाराकडे वळावयाचे. संगणक अक्षरे अंकांच्या रूपाने साठवतो. त्या साठवणीचे एकक बाइट. भारतीय लिप्यांसाठी आखलेल्या इस्की या संकेतप्रणालीत एका वर्णचिन्हास एक बाइट लागे. १९९१ पासून प्रसिद्ध होत आलेल्या युनिकोडमध्ये जगातील लिप्यांना एकत्र स्थान मिळाले. त्यातील मजकूर इंटरनेटवर सामान्यतः यूटीएफ-८ या पद्धतीने पाठवला जातो. या पद्धतीत रोमन अक्षरास एक, उर्दूच्या अक्षरास दोन, आणि देवनागरी व तेलुगू चिन्हास तीन बाइट लागतात.

प्रस्तुत नगराचेच नाव घ्यावे. ‘भिवंडी’ या शब्दात भ, र्‍हस्व वेलांटी, व, अनुस्वार, ड आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे आहेत. म्हणून १८ बाइट. तेलुगूतही सहा चिन्हे, १८ बाइट. उर्दूत सात अक्षरे, १४ बाइट. रोमन लिपीत आठ अक्षरे आणि आठच बाइट. लघुसंदेशाच्या बाबतीत हा भेद पूर्वी थेट पैशात मोजावा लागे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. त्यात सात बिटांची रोमन अक्षरे १६० बसतात, पण देवनागरी चिन्हे केवळ ७०, कारण तेथे प्रत्येकास दोन बाइट दिले जातात. मराठी तरुणांनी रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय लावून घेतली, तिच्या कारणांत कळफलकाच्या अडचणीबरोबर या हिशेबाचीही गणना करावयास हवी.

यावरून ‘देवनागरी तिप्पट महाग’ असा निष्कर्ष काढला जातो. तो अक्षरशः खरा असला तरी व्यवहारात हलका आहे. मराठी मजकुराच्या एका पृष्ठावर सुमारे ३०० शब्द, म्हणजे अदमासे २,००० चिन्हे धरली, तर पृष्ठास ६,००० बाइट किंवा सहा केबी लागतात. ३०० पृष्ठांचा ग्रंथ १.८ एमबीत मावतो. शिवाय संकेतस्थळे मजकूर संकुचित करून पाठवतात, तेव्हा हा आकडा आणखी उतरतो. लिपीचा म्हणून जो भार आहे तो इतकाच. खरा भार अन्यत्र आहे.

६. प्रतिमेचा भार

तोच ग्रंथ छापील प्रतीवरून प्रतिमारूपाने साठवला तर काय होते? साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच पृष्ठ इंचास २०० बिंदू या प्रमाणात टिपले, तर १,१०० गुणिले १,७००, म्हणजे १८,७०,००० बिंदू होतात. करड्या छटांत प्रत्येक बिंदूस एक बाइट धरून, पुढे ते संकोचनाने दहापट कमी केले तरी पृष्ठास १८७ केबी पडतात. ३०० पृष्ठांना सुमारे ५६ एमबी. म्हणजे अक्षररूप ग्रंथाच्या तुलनेने एकतीस पट. व्याख्यानाची चित्रफीत याहून जड. सेकंदाला ५०० किलोबिट या माफक प्रमाणात एका तासाला २२५ एमबी लागतात. तेवढ्यात अक्षररूपातील १२५ ग्रंथ येतात. तेच व्याख्यान केवळ ध्वनिरूपात, सेकंदाला ३२ किलोबिट या प्रमाणात, साडेचौदा एमबीत भागते.

जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर २८ दिवसांसाठी एकूण २ जीबी देणाऱ्या योजना १८९ ते १९९ रुपयांना होत्या. त्या दोन जीबीत अकराशे अक्षररूप ग्रंथ, किंवा पस्तीस प्रतिमारूप ग्रंथ, किंवा नऊ तासांहूनही कमी चित्रफीत बसते. रोजचा वाटा संपल्यावर जो ६४ किलोबिटचा मंद वेग मिळतो, त्या वेगाने अक्षररूप ग्रंथ चार मिनिटांच्या आत उतरतो. प्रतिमारूप ग्रंथास जवळजवळ दोन तास लागतात. चित्रफीत चालतच नाही. ‘नेट संपले’ असे विद्यार्थी म्हणतो तेव्हा अक्षरांपुरते ते संपलेले नसते, हे यावरून ध्यानात येईल.

दुर्दैवाने मराठीतील पुष्कळ विद्याविषयक साहित्य प्रतिमारूपातच आहे. मराठी विश्वकोशाच्या नोंदी युनिकोड मजकूर म्हणून उपलब्ध आहेत, हा आदर्श अपवाद. इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेत प्रबंध प्रकरणशः ठेवलेले असतात ही चांगली सोय. परंतु त्यांतील कित्येक मराठी प्रबंध छापील पानांच्या प्रतिमा आहेत, आणि कित्येक युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेले आहेत. श्री-लिपीसारख्या त्या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या दृष्टीने आत रोमन चिन्हेच असतात. त्यामुळे शब्द शोधता येत नाही. शोधता येत नाही म्हणून हवा तो परिच्छेद कोणत्या प्रकरणात आहे हे पाहण्यासाठी सर्व प्रकरणे उतरवावी लागतात. याला दुहेरी भार म्हणता येईल : वस्तूही जड आणि निवडीचे साधनही नाही.

उर्दू वाचणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती यापेक्षा अवघड. नस्तालीक लेखनाची वळणे संगणकावर उतरवणे दीर्घकाळ कठीण होते. म्हणून इनपेजमध्ये जुळवलेली पाने चित्र म्हणून संकेतस्थळांवर लावण्याची रीत पडली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या रेख्ता संस्थेने सहस्रावधी उर्दू ग्रंथ विनामूल्य खुले केले, ही मोठीच सेवा. तथापि ते पानांच्या प्रतिमा म्हणून संकेतस्थळावरच वाचावयाचे असतात. ग्रंथ फुकट, पण प्रत्येक वाचनास डेटा नव्याने खर्ची पडतो. ज्या लिपीला यूटीएफ-८ मध्ये देवनागरीहून कमी बाइट लागतात, तिच्याच वाचकाला प्रत्यक्षात अधिक मोजावे लागते. भार लिपीत नसून साठवणीच्या रीतीत आहे, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

७. दर स्थिर, भार सुधारण्याजोगा

शैक्षणिक संकेतस्थळांसाठी वेगळा स्वस्त दर ठेवावा असे अनेकदा सुचवले जाते. ट्रायच्या ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमाने आशयानुसार भिन्न दर आकारण्यास मनाई केली आहे. कोणती संकेतस्थळे स्वस्त असावीत हे कंपनीने ठरवू नये, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की विश्वकोशाचा एक एमबी आणि चित्रपटाचा एक एमबी यांचा दर सारखाच राहणार. दराच्या बाजूने विद्येला सवलत मिळणे शक्य नाही. मिळाली तर ती भाराच्या बाजूनेच. बंदिस्त अंतर्गत जाळ्यांना मात्र हा विनियम लागू नाही. महाविद्यालयाच्या आवारातील संगणकावर ठेवलेले साहित्य तेथल्या वायफायवरून वाचले तर इंटरनेटचा डेटा मुळी खर्चच होत नाही.

विद्यार्थ्याने करावयाच्या गोष्टी यावरून सरळ निघतात. जड धारिका महाविद्यालयात, अभ्यासिकेत किंवा स्थानकावर उतरवून घ्याव्यात आणि स्वतःचा डेटा शोधासाठी व अक्षररूप वाचनासाठी राखावा. मराठी विकिपीडियासारखे संदर्भसाहित्य किविक्स या विनामूल्य साधनाने एकदाच उतरवून पुढे जोडणीवाचून वाचता येते. स्वयंप्रभा वाहिन्यांवरील व्याख्याने दूरचित्रवाणीवर मिळतात; त्यांना डेटा लागत नाही. खोलीतील एकाने उतरवलेला ग्रंथ इतरांनी पुन्हा इंटरनेटवरून उतरवू नये. तो एका यंत्रातून दुसऱ्यात थेट देता येतो.

विभागांची जबाबदारी याहून मोठी. एक, यापुढील प्रत्येक प्रबंध व टिपण युनिकोडमध्येच टंकलेले असावे आणि त्याची अक्षररूप प्रत ठेवली जावी. दोन, जुन्या मुद्रित साहित्याची प्रतिमा करताना टेसरॅक्टसारख्या अक्षर ओळखणाऱ्या साधनाने मजकूरही काढावा. मराठीची सोय त्यात आहे, चुका राहतात, पण शोधापुरता तो मजकूर पुरतो. तीन, धारिकेच्या दुव्याशेजारी तिचा आकार एमबीत लिहावा. किंमत न सांगता वस्तू देण्याचा दुकानदारी दोष विद्येच्या व्यवहारात नसावा. चार, चित्रफितीबरोबर ध्वनिफीत व टिपण द्यावे. पाच, विभागात एक साठा-संगणक असावा आणि ग्रंथालय सायंकाळी अधिक वेळ उघडे राहावे. यांतील पहिल्या चार गोष्टींना अनुदानाची फारशी गरज नाही.

८. समारोप

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातील २३.८ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली होती. ग्रामीण भागात १४.९ टक्के आणि नागरी भागात ४२ टक्के. त्यानंतरच्या वर्षांत हे प्रमाण वाढले, आणि वाडा-मोखाड्याहून आलेला विद्यार्थीही आता हातात यंत्र घेऊनच भिवंडीत उतरतो. ‘जोडणी आहे की नाही’ हा प्रश्न मागे पडत असून ‘त्या जोडणीतून काय वाचता येते’ हा प्रश्न पुढे येत आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्यास अवघ्या काही केबीत मिळणारे पान मराठीतून किंवा उर्दूतून शिकणाऱ्यास दोनशे केबीत मिळत असेल, तर दोघांचा रिचार्ज सारखा असूनही ग्रंथसंग्रह सारखा राहत नाही. ही विषमता कोणत्याही कंपनीने लादलेली नाही. ती ज्या पद्धतीने प्रबंध बांधले, टिपले आणि साठवले गेले तिच्यातून आली आहे. भाषाविभागांनी आपापल्या भाषेतील साहित्याचा भार मोजण्यास आरंभ केला, तर परगावच्या खोलीत महिन्याचा अखेरचा आठवडा काढणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा लाभ कोणत्याही दरकपातीपूर्वी पोहोचेल.